चुकतं

नोव्हेंबर ते एप्रिल आमच्या रस्त्यांवर मीठ पडतं.
काउंटीचा ट्रक फेकत जातो,
आणि बर्फाच्या आधी मोटारीच विरघळतात.
माझ्या ब्यूकचं मागचं दार
खालून लेसच्या रुमालासारखं झालंय.
तिथे मी कॉफीच्या डब्याचा पत्रा ठोकला आहे;
वाकून पाहिलं तर कंपनीचं अर्धं नाव
अजून वाचता येतं.

एकोणीसशे ब्याण्णवचं मॉडेल, घेतलं तेव्हाच वापरलेलं.
दोन लाख ऐंशी हजार मैलांवर आकडा थांबला
आणि मी तो दुरुस्त केला नाही.
लोकांनी माझं वय विचारणंही
त्याच सुमारास सोडलं.

दर मंगळवारी एक लिफाफा येतो:
अभिनंदन, मिसेस कोस्केला, तुम्हाला कर्ज मंजूर झालं आहे.
मी मागितलं नव्हतं.
न मागता मंजूर होणारी एकच गोष्ट मला माहीत होती,
ती म्हणजे हिवाळा.
कागद मात्र चांगला जाड असतो.
एका लिफाफ्यात चूल पेटते.

आर्व्हिड म्हणायचा, हप्ता पाहुणा नव्हे, घरजावई आहे.
आपल्याच ताटात जेवतो
आणि वर आपल्यालाच सरकून बस म्हणतो.
तांब्याची खाण बंद पडली त्या साली
आमच्या गल्लीतल्या सात गाड्या
बँकेने एका आठवड्यात ओढून नेल्या.
आमच्या दारात तेव्हा हिच्याही आधीची होती.
ती न्यावी असं कुणालाच वाटलं नसतं.
त्या रात्री आम्ही हसलो,
मग दिवा मालवून
बराच वेळ जागेच पडून राहिलो.

तेल मीच बदलते.
गाडीखाली सरकताना एकाहत्तर वर्षांचा गुडघा कुरकुरतो.
त्याला म्हणते, गप,
तुझ्या जागी नवा बसवायचा तर हप्ते पडतील.

नातू आला होता नवा ट्रक घेऊन.
सात वर्षांचे हप्ते.
आजी, बसून तर बघ, सीट गरम होते.
बसले.
खोटं कशाला बोलू,
उतरवेना.

गेल्या नोव्हेंबरात आल्टरनेटर गेला.
भंगारवाल्या बोडोइनने बर्फात गुडघ्यावर बसून
एका चेपलेल्या गाडीतून दुसरा काढून दिला.
बोटं फुटली होती त्याची.
किती द्यायचे?
'वसंतात बघू.'
जानेवारीत तो गेला.

चाळीस डॉलर घेऊन मी त्याच्या मुलीकडे गेले.
नोरीनने सगळ्या वह्या चाळल्या.
बाबांनी तुमच्या नावावर काहीच लिहिलेलं नाही, म्हणाली,
आणि नोटा माझ्याच कोटाच्या खिशात घातल्या.

बिस्किटांच्या डब्यात माझी निळी वही आहे.
सेहेचाळीस वर्षं.
पानापानाखाली एकच शब्द: चुकतं.
आता एक ओळ उघडी राहिली आहे:
बोडोइन, आल्टरनेटर, चाळीस.
याला व्याज नाही, तारीख नाही,
ओढून न्यायला कुणी येणार नाही.
हे चुकतं होत नाही
आणि चुकवताही येत नाही.
जन्मभर कर्जाला भ्याले,
पण याची भीती वाटत नाही. अवघडल्यासारखं होतं, एवढंच.
कुणी जिना चढताना हात धरावा तसं.

काल शून्याखाली वीस.
तिसऱ्या किल्लीला गाडी खोकली, मग चालू झाली.
दिवे लागले; त्याच्याच जोरावर लागले.
इस्पितळाच्या धोबीखान्यात नोरीनची पहाटपाळी असते.
कोपऱ्यावर ती पायांवर पाय आपटत उभी होती.
मी भोंगा वाजवला.
गरम हवा फक्त तिच्या बाजूने येते;
माझ्याकडची नळी कधीच तुटली आहे.
बदलून का घेत नाही, तिने विचारलं.
मी म्हटलं,
वसंतात बघू.